रावेरला पोचलेली कादंबरी

मराठी कादंबरीच्या सराईत वाचकाला रावेर म्हटले की बहुधा रावेरखेडी आठवते. ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ साली आली आणि बाजीरावांनी १७४० मध्ये जिथे देह ठेवला ते नर्मदाकाठचे गाव घरोघर माहीत झाले. पण ते रावेर वेगळे, तिकडे मध्य प्रदेशातले. जळगाव जिल्ह्यातले रावेर, सातपुडा आणि तापी यांच्या मधले, केळीच्या बागांनी वेढलेले, भुसावळ-खांडवा लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव, कादंबरीच्या पानांवर सापडणे कठीण. दीडशे वर्षे मराठी लोकप्रिय कादंबरी या गावासारख्या गावांत वाचली गेली, आणि तिने त्यांच्याकडे वळून पाहिले नाही. याचे खापर लेखकांच्या संकुचितपणावर फोडून मोकळे होता येते. माझे म्हणणे निराळे आहे. लोकप्रिय कादंबरीचा इतिहास आपण लेखकांच्या नावांनी लिहितो, पण तिचे रूप ठरले ते पुस्तक कुठे छापले जाते, कोणत्या वाटेने जाते आणि कोणाच्या पैशाने विकत घेतले जाते यावरून. रावेर त्या वाटेच्या टोकाला आहे, आणि वाट कशी आखली गेली हे टोकावरून अधिक स्पष्ट दिसते.

सुरुवात मात्र खानदेशातूनच करावी लागते. मराठी कादंबरीला ज्यांनी तिचे प्रौढ रूप दिले ते हरि नारायण आपटे १८६४ साली पारोळ्याला जन्मले. लहानपणीच ते मुंबई-पुण्याकडे गेले आणि पुण्याचेच झाले. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापलेल्या आनंदाश्रमाचा कारभार त्यांनी पुढे सांभाळला. हरिभाऊंचे नाव आज आपण गंभीर वाङ्मयाच्या यादीत घालतो, पण 'मधली स्थिती' ही १८८५ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची पहिली कादंबरी रेनॉल्ड्सच्या लंडनच्या रहस्यकथांवरून स्फुरलेली होती. हा जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स विलायतेत पेनी-दोन पेनीला विकल्या जाणाऱ्या साप्ताहिक हप्त्यांचा राजा. तिकडच्या टीकाकारांनी त्याला दारात उभे केले नाही, पण हिंदुस्थानात नव्याने इंग्रजी शिकलेल्या पिढीने त्याचा फडशा पाडला. हरिभाऊंनी रेनॉल्ड्सकडून घेतली ती हप्त्याची शिस्त. वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत ताटकळत ठेवायचे, पण मधल्या काळात त्याला विचार करायलाही काही द्यायचे. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' सुरू केले तेव्हा साप्ताहिकाच्या नावातच हेतू उघड होता. 'पण लक्ष्यात कोण घेतो!' या साप्ताहिकातूनच येत गेली. विधवेच्या केशवपनाचा आणि बालविवाहाचा प्रश्न मांडणारी ही कादंबरी करमणुकीच्या गाडीत बसून वाचकाकडे गेली, हे विसरून चालणार नाही. लोकप्रिय आणि गंभीर यांच्या दोन वेगळ्या आळ्या नंतर पडल्या. त्या दिवसांत दोघींचा डबा एकच होता.

आणि तो डबा अक्षरशः आगगाडीचा होता. मुंबई-कलकत्ता हा जबलपूरवरून जाणारा मार्ग १८७० मध्ये जोडला गेला आणि भुसावळच्या पुढे तापीच्या खोऱ्यातली गावे मुंबईच्या टपालाच्या टप्प्यात आली. ग्रंथव्यवहारात अशा वाटेचा अर्थ मोठा असतो. पुण्याला छापलेला अंक वर्गणीदाराला काही दिवसांत मिळू शकतो, आणि वर्गणीदार म्हणजे कोण, तर मामलेदार कचेरीतला कारकून, शाळामास्तर, वकील, स्टेशनमास्तर. म्हणजे बदली होऊन आलेला, प्रमाण मराठी बोलणारा, बहुधा पुण्याशी किंवा कोकणाशी नाते असलेला माणूस. हप्त्याच्या कादंबरीने ज्या वाचकाला नजरेपुढे ठेवले तो हा. गावातला लेवा पाटीदार शेतकरी, तडवी, गुजर, सातपुड्यातला पावरा यांच्या बोली त्या वर्तुळाबाहेरच्या. कादंबरी खानदेशात पोचली ती आधी खानदेशात उपऱ्या असलेल्या वाचकाकडे, आणि त्याला खानदेश वाचायचा नव्हता. त्याला घर वाचायचे होते.

यावर एक आक्षेप येईल. सामाजिक कादंबरीचे एक वेळ तसे असेल, पण ऐतिहासिक कादंबरीचे काय? तिला तर विषय हवे होते. हरिभाऊंच्या 'उषःकाल'पासून नाथमाधवांच्या स्वराज्यमालेपर्यंत आणि वि. वा. हडपांच्या कादंबरीमय पेशवाईपर्यंत लोकांनी गड, भुयारे, वेषांतरे आणि खलिते यांचा भरपूर आस्वाद घेतला. रावेरहून थोड्याच अंतरावर बुऱ्हाणपूर, आणि त्याच्या पलीकडे असीरगड. दोनशे वर्षांहून अधिक काळ राज्य केलेल्या फारूकी सुलतानांची ही राजधानी, अकबराने स्वतः येऊन १६०१ मध्ये घेतलेला हा किल्ला, १६३१ मध्ये मुमताजमहल जिथे वारली ते हे शहर. फंदफितुरी हवी तर असीरगडच्या वेढ्यात आहे, करुण हवे तर मुमताजच्या अखेरीत आहे. कादंबरीकाराने आणखी काय मागावे? पण मराठी ऐतिहासिक कादंबरीत बुऱ्हाणपूर येते ते मुख्यतः मोगलांचे धनाढ्य ठाणे म्हणून, संभाजीराजांच्या १६८१ च्या छाप्याचे लक्ष्य म्हणून. ती मराठ्यांच्या इतिहासाची कादंबरी होती, असीरगड तेव्हा मराठ्यांचा नव्हता, असे उत्तर कोणी देईल. पण हरिभाऊंनी चंद्रगुप्तावर लिहिले, 'वज्राघात'मध्ये विजयनगरचा पाडाव रंगवला, मेडोज टेलरच्या कादंबरीवरून टिपूची गोष्ट 'म्हैसूरचा वाघ' म्हणून मराठीत आणली. विषयाची वेस त्यांनी खुशाल ओलांडली. मग असीरगडच का राहिला? मला दिसणारे कारण साधे आहे. हप्त्याच्या लेखकाला वाचकाच्या डोक्यात आधीच असलेल्या गोष्टीवर चढायचे असते. सिंहगड म्हणताच पुण्याच्या वाचकाला तो दिसतो, टिपू म्हणताच इंग्रजी शाळेतले धडे आठवतात. फारूकी म्हणताच काहीच आठवत नाही, तिथे लेखकाला सगळे उभे करावे लागेल. दर आठवड्याला हप्ता देणाऱ्याला तेवढी उसंत नसते.

गंमत अशी की ऐतिहासिक कादंबरीचा कच्चा माल खानदेशातच येऊन साठत होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्याला वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. याच राजवाड्यांनी १९०२ मध्ये कादंबरीवर दीर्घ निबंध लिहून तोवरच्या मराठी कादंबरीची झाडाझडती घेतली होती. कागद धुळ्यात आणि कादंबऱ्या पुण्यात, ही विभागणी बराच काळ टिकली. छापखान्याचे आणि प्रकाशकाचे बिऱ्हाड जिथे असते तिथे कागदाला गोष्टीचे रूप मिळते. लेखणी कुठेही असली तरी छपाईचे गणित पुणे-मुंबईच ठरवी.

१९२० नंतर ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांचे पर्व आले. त्यांच्याविषयी भरपूर लिहून झाले आहे, म्हणून एवढेच नोंदवतो की फडक्यांच्या कादंबरीचे वतन कॉलेज होते. टेनिस, मोटार, टापटिपीची खोली, प्राध्यापकाची मुलगी. खानदेशात चाळिशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत महाविद्यालयच नव्हते. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४५ चे, फैजपूरचे धनाजी नाना महाविद्यालय १९६१ चे. तोवर रावेर-यावलच्या मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचे तर गाडी पकडावी लागे. त्यामुळे फडके वाचणे ही त्या मुलाच्या दृष्टीने करमणूक तर होतीच, शिवाय एक प्रकारची तयारीही होती. चहा कसा विचारायचा, मुलीशी काय बोलायचे, पत्राची सुरुवात कशी करायची, याचे ते मार्गदर्शक होते. इथे दुसरा, अधिक टोकदार आक्षेप उभा राहतो. वाचकाला जे नाही तेच हवे असते, रावेरच्या वाचकाने रावेर कशाला वाचावे? लोकप्रिय कादंबरी म्हणजे पळवाट, आणि पळवाट आपल्याच अंगणात येत नाही. हा आक्षेप निम्मा खरा आहे. निम्मा खोटा कसा, हे अमळनेरच्या एका शिक्षकाकडे पाहिले की कळते.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि तिथले छात्रालय सांभाळत होते. 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली आणि ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. खपाच्या हिशेबाने पाहिले तर मराठीत याहून लोकप्रिय पुस्तके हाताच्या बोटांवर मोजावीत. अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. आता यात पळवाट कुठली? गरिबी, कर्ज, आजारपण, आईचा मृत्यू. जे वाचकाच्या घरात होते तेच पुस्तकात होते, आणि तेच त्याला हवे होते. पळवाटेचा सिद्धान्त इथे कोलमडतो. पण माझ्या मुद्द्याला या पुस्तकातून आणखी एक पुरावा मिळतो, तो अधिक बोचरा आहे. गोष्ट रात्री आश्रमात जमलेल्या मित्रमंडळाला सांगितली जाते. तोंडी सांगण्याची ही लकब अमळनेरच्या छात्रालयात मुलांसमोर घोटली गेली असणार, असे मला वाटते. श्रोते खानदेशी, सांगणाऱ्याची उमेद खानदेशात घडलेली, आणि गोष्ट मात्र कोकणातली, पालगडची. ते स्वाभाविकच आहे, ते गुरुजींचे बालपण होते. पण मराठी मनाने ते कोकण आपले मानले, कारण कोकण आणि पुणे ही वाङ्मयातली ओळखीची घरे होती. खानदेशचे घर १९५२ पर्यंत, म्हणजे असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या कविता त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपात येईपर्यंत, छापील मराठीत नीटसे उभे राहिले नव्हते. आणि निरक्षर बाईच्या ओव्यांनी ते उभे केले. कादंबरीला जमले नाही ते त्यांना जमले याचे एक कारण असे, की ओवीला छापखान्याची वाट पाहावी लागत नाही.

लोकप्रिय कादंबरीचा खरा खप सुरू झाला तो त्यानंतर, आणि त्याचा मागोवा लेखकांपेक्षा पुस्तकाच्या अंगावर अधिक चांगला लागतो. साठ-सत्तरच्या दशकांतले भाड्याच्या वाचनालयातले एखादे रहस्यकथेचे पुस्तक डोळ्यांपुढे आणा. वर्तमानपत्री कागद, दाभणाने भोके पाडून दोऱ्याने पुन्हा शिवलेली पाठ, वरती खाकी कव्हर, आत शिक्का आणि तारखांची चिकटवलेली पट्टी. कोपऱ्यात दुमडलेली पाने, समासात कोणीतरी पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलेले खुन्याचे नाव. अनामत भरायची, रोजचे काही पैसे भाडे द्यायचे, आणि तारीख उलटली तर दुकानदाराची बोलणी खायची. बाबूराव अर्नाळकरांनी, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाणांनी, झुंजार, धनंजय, काळा पहाड या नायकांना घेऊन हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा पल्ला ओलांडला. एका माणसाने एवढे लिहिणे याला आपण कौतुकाने विक्रम म्हणतो किंवा नाक मुरडून पाट्या टाकणे म्हणतो. पण हे आकडे मागणीबद्दल काय सांगतात ते पाहा. भाड्याचे पुस्तक एका रात्रीत वाचून परत जाते. एका वाचकाला महिन्याला वीस-पंचवीस पुस्तके लागतात. विकत घेणाऱ्या वाचकाने अशी मागणी कधीच केली नसती. अर्नाळकर आणि नाईक हे भाड्याच्या दुकानांनी घडवलेले लेखक आहेत, आणि ती दुकाने मोठ्या शहरांइतकीच तालुक्याच्या गावी चालत.

याच काळात सरकारही या व्यवहारात उतरले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला. गावोगावच्या वाचनालयांना वर्ग लागले, वर्गाप्रमाणे अनुदान आले आणि अनुदानातून पुस्तके घेणे आले. त्या काळात राज्याचे शिक्षण खाते होते मधुकरराव चौधरी यांच्याकडे, म्हणजे रावेर तालुक्यातल्याच खिरोद्याच्या घरात. मराठी कादंबरीची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची, आणि तिचा मोठा वाटा ग्रंथालयांच्या खरेदीत जाणारा, ही प्रकाशन व्यवसायातली जुनी ओळखीची गोष्ट. म्हणजे 'लोकप्रिय' कादंबरीचा थेट ग्राहक लोक नव्हते, वाचनालयाची समिती होती. समिती दोन गोष्टी पाहते, सभासदांची मागणी आणि आपली अब्रू. या दोहोंच्या कात्रीतून जे पुस्तक सुटते तेच कपाटात येते. अश्लीलतेच्या खटल्यात सापडलेल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'ची गोष्ट इथे बोलकी आहे. १९६२ च्या दिवाळी अंकातले हे लेखन, आणि निकाल लागला तो थेट सर्वोच्च न्यायालयात, १९६९ मध्ये, लेखकाच्या बाजूने. न्यायालयाने सोडले तरी प्रत्येक वाचनालयाने ते दर्शनी फळीवर मांडले असेल असे समजू नये. काकोडकरांचे वाचक भाड्याच्या दुकानात, योगिनी जोगळेकरांचे सार्वजनिक वाचनालयात, अशी ही वाटणी साधारणपणे होती. दोन्ही ठिकाणी मागणी मोजली जात होती. वाचक राहतो कुठे हे मात्र दोन्हीकडे कोणी विचारत नव्हते.

रावेरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, जी सातारा-सांगलीच्या वाचकाला लागू नाही. पुढचे मोठे स्टेशन बुऱ्हाणपूर, तिथून हिंदी मुलूख. देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता'पासून, १८८८ पासून, हिंदीची स्वतःची तिलस्मी आणि जासूसी परंपरा होती. पुढे अलाहाबादहून इब्ने सफींचे मासिक हप्ते निघाले, मग दिल्ली-मेरठची पॉकेट बुकं आली, गुलशन नंदांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. स्टेशनवर हिंदी पुस्तक स्वस्तात मिळते आणि हिंदी सर्वांना कळते, अशा गावात मराठी रहस्यकथेची स्पर्धा शेजारच्या भाषेशी होते. पुण्याचे समीक्षक लोकप्रिय कादंबरीला 'गंभीर' कादंबरीशेजारी उभे करून मापतात. सीमेवरच्या गावात तिचे माप हिंदीशी होते, आणि मराठी वाचायची सवय टिकली याचे काही श्रेय अर्नाळकरांच्या झुंजारला आणि नाईकांच्या कॅप्टन दीपलाही द्यावे लागते. उच्च अभिरुचीच्या माणसाला हे रुचणार नाही. पण मराठी वाचता ठेवणे हे काम कोणीतरी केलेच, आणि ते कवितासंग्रहांनी केले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

या सगळ्याला उलट जबाब आला तोही शेजारच्याच तालुक्यातून. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, जन्म १९३८. 'कोसला' १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. सांगवीकर आडनावाचा मुलगा खानदेशातून पुण्याला शिकायला जातो आणि फडक्यांनी ज्या कॉलेजात स्वर्ग दाखवला होता तिथे त्याला काहीच सापडत नाही. एका पिढीने जे वाचून गाडी पकडली होती त्याची ही परतपावती होती. पुढे नेमाड्यांनी समीक्षक म्हणून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती सांगितल्या आणि त्यांना तीन आद्य पुस्तकांची नावे दिली. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'ची (१८५७) वास्तवाकडे जाणारी, हळब्यांच्या 'मुक्तामाला'ची (१८६१) अद्भुतात रमणारी, आणि गुंजीकरांच्या 'मोचनगड'ची (१८७१) इतिहासात शिरणारी. ही मांडणी उपयोगी आहे, तरी तिच्यामुळे एक समज दृढ झाला, तो असा की पहिली प्रवृत्ती अस्सल आणि उरलेल्या दोन रंजनाच्या. हरिभाऊंच्या बाबतीत हे बसत नाही. रेनॉल्ड्सच्या हप्त्यातून ज्यांची कादंबरी निघाली त्यांनीच 'पण लक्ष्यात कोण घेतो!'मधल्या यमूच्या तोंडून विधवेचे दुःख सांगितले. साने गुरुजींच्या बाबतीतही बसत नाही, कारण तिथे वास्तवच रंजनाइतके खपले. आणि खुद्द 'कोसला'च्या बाबतीत तर मुळीच बसत नाही. तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, वसतिगृहांतल्या मुलांनी तिची भाषा उचलली. लोकप्रियतेची सगळी लक्षणे तिच्या ठायी आहेत, फक्त आपण तिला त्या फळीवर ठेवत नाही.

नेमाड्यांच्या बाजूने एक उत्तर संभवते. 'कोसला' खपली ती तिच्या सत्त्वामुळे, आणि रंजनपर कादंबरी खपते ती वाचकाला गुंगी देऊन. तर मग १९८२ मध्ये आलेल्या सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'चे काय करायचे? तीही पुण्याच्याच कॉलेजविश्वाची, कट्ट्यावरच्या मुलांची, आणि तीही शेवटाला गोड गोळी देत नाही. शिरवळकर रहस्यकथाकार म्हणून ओळखले जात, म्हणून समीक्षकांनी तिच्याकडे काणाडोळा केला. २०१३ मध्ये चित्रपट आल्यावर नव्या मुलांनी तिची पारायणे केली. दोन्ही कादंबऱ्यांत मुलगा पुण्यात भरकटतो. फरक हा, की पांडुरंग सांगवीकराच्या मागे गाव आहे, बाप आहे, शेती आहे, आणि ते सगळे बोलीसकट पुस्तकात येते. शिरवळकरांच्या कट्ट्याला पुण्याबाहेरचे काही लागत नाही. रंजन आणि सत्त्व यांच्या वादात हा साधा भौगोलिक फरक बाजूला पडतो. खानदेश मराठी कादंबरीत आला तो १९६३ मध्ये, आणि आला तो विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात जाणाऱ्या कादंबरीच्या दाराने. भाड्याच्या दुकानात, जिथे रावेरच्या वाचकाने आपले सुटे पैसे मोजले होते, तिथले नायक त्यानंतरही मुंबईतच गुन्हेगारांचा पाठलाग करत राहिले.